ओसरीवरचं दुकान आणि गुणाकाराचा धडा



गळीत हंगाम आटोपला आहे, खोडव्याचे बुडखे छाटून झाले आहेत, आणि पोरांच्या शाळांना सुट्टी लागली आहे. दर अंकात या पानावर आम्ही बेणं, लागण, खताच्या मात्रा किंवा हुमणी याबद्दल लिहितो. या खेपेला विषय थोडा वेगळा घेतला आहे. घरातल्या पोरांना गुणाकार कसा शिकवावा, आणि तोही खोट्या खोट्या दुकानाचा खेळ मांडून, हा तो विषय. ऊस विकास विभागाचा आणि गुणाकाराचा काय संबंध, असं कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आम्हांला एका सभासद भगिनीच्या शेतावर कळला.

मिळवायचे का गुणायचे?

मागच्या सुरू लागणीच्या वेळची गोष्ट. या भगिनींचे मालक वारल्यावर शेअर त्यांच्या नावावर झाला. शेती सव्वा एकर. आम्ही बेणं पाहायला गेलो तेव्हा चौथीतली त्यांची मुलगी बांधावर उभी होती. आईनं कौतुकानं सांगितलं, "साहेब, पोरगी वीसपर्यंत पाढे धडाधडा म्हणती. म्हणायला लावा." मुलीनं बाराचा पाढा एका दमात म्हणून दाखवला. एकही चूक नाही.

समोर बेण्याच्या मोळ्या पडल्या होत्या. आम्ही सहज विचारलं, "बाळ, एका मोळीत बारा ऊस आहेत. अशा सात मोळ्या आहेत. तर ऊस किती?" मुलगी थांबली. मोळ्यांकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि विचारलं, "काका, मिळवायचे का गुणायचे?"

आईचा चेहरा उतरला. "शाळेत हुशार हाय म्हणत्यात, मग हितं का अडती?" त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आम्ही कृषी पदविका घेतलेला माणूस. मातीचं, पाण्याचं विचारा, सांगू. पण घरी येताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण उद्या हीच मुलगी आईच्या वतीनं खताची पावती वाचणार, काट्याची चिठ्ठी वाचणार, उसाचं बिल वाचणार. तिथं कोणी सांगणार नाही की इथं मिळव आणि तिथं गुण. ते तिचं तिलाच ओळखावं लागेल.

मग आम्ही गावच्या एका जुन्या गुरुजींना गाठलं, थोडं वाचलं, आणि आमच्या स्वतःच्या घरी ओसरीवर दुकान मांडून पाहिलं. त्यातून जे हाती लागलं ते इथं देत आहोत.

पाढा पाठ, पण बाजारात अडखळ

पाढे पाठ असणं वाईट नाही. पाढा हे हत्यार आहे. पण विळा हातात असला म्हणजे ऊस तोडता येतो असं नाही. कुठं मारायचा ते कळावं लागतं. पाढा गाण्यासारखा पाठ झालेला असतो. म्हणून सात नवे किती असं मधूनच विचारलं की पोर सात एके सातपासून सुरुवात करतं. ज्याला गुणाकार कळला आहे ते पोर म्हणेल, सात दाहे सत्तर, त्यातून एक सात कमी, त्रेसष्ट.

याच्या उलटही असतं. ब्राझील देशात रेसिफे नावाचं शहर आहे. तिथं रस्त्यावर नारळ, फळं, भाजी विकणाऱ्या गरिबांच्या पोरांचा अभ्यास तिथल्या तीन अभ्यासकांनी केला आणि तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुलं पाचच होती, नऊ ते पंधरा वर्षांची. अभ्यासक गिऱ्हाईक होऊन गेले आणि भाव विचारले. शंभरातले ९८ हिशेब मुलांनी तोंडी बरोबर सांगितले. नंतर तसेच आकडे कागदावर नुसत्या उदाहरणांच्या रूपात दिले, तेव्हा शंभरात ३७ च बरोबर आले. एका मुलानं ३५ चा एक नारळ, तर ४ नारळांचे १४० असं गाड्यावर बिनचूक सांगितलं. तीन नारळांचे १०५ त्याला ठाऊक होते, त्यात आणखी ३५ घातले, झालं. त्याच मुलानं ३५ गुणिले ४ कागदावर मांडलं आणि उत्तर काढलं २००. चार पाचे वीस, हातचे दोन. ते दोन आधीच तीनमध्ये मिळवून पाच केले, आणि मग चार पाचे वीस. एवढ्या पैशांत किती नारळ येतील याचा त्याला कागदावर विचारच आला नाही.

आपल्याकडंही असंच आहे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. बाजारातली मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी बरोबर करत होती, पण शाळेच्या पद्धतीच्या उदाहरणांत अडत होती. आणि जी मुलं फक्त शाळेत जात होती ती बाजारातल्या हिशेबात अडत होती. म्हणजे दोन्ही हातांना एकमेकांची ओळखच नाही. आपल्याला ती ओळख करून द्यायची आहे. म्हणून आमचा पहिला नियम असा की, दुकान आणि पाटी शेजारी शेजारी पाहिजेत. नुसतं दुकान मांडून भागणार नाही आणि नुसती पाटी घासूनही भागणार नाही.

आधीच्या पिढीला कसं येत होतं?

आपल्या वाडवडिलांना शाळा कमी, पण हिशेब पक्का. त्याचं कारण रोजचा सराव. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते. शेर, पावशेर, मण चालत. म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे सगळे पाढे लागत. दशमान नाणी आली, वजनं किलोवर आली, आणि हे पाढे मागं पडले. ते बरंच झालं, पोरांचं ओझं कमी झालं. पण पोरं दुकानात जात होती, सुटे पैसे मोजत होती, उरलेले मुठीत घट्ट धरून घरी आणत होती.

आम्ही स्वतः पाचवीत असताना आईनं किराणा आणायला धाडलं होतं. दुकानदारानं सांगितली ती रक्कम दिली आणि उड्या मारत घरी आलो. आईला अक्षर येत नव्हतं, पण तिनं चुलीपुढं बसल्या बसल्या बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं, दोन रुपये जास्त गेले. परत जायची लाज वाटली. ते दोन रुपये आम्हांला अजून आठवतात.

आता तोही सराव गेला. घरातला माणूस फोन पुढं करतो, पैसे जातात. सोय चांगली आहे, तक्रार नाही. पण किती नग, काय भाव, किती झाले आणि किती परत आले, हे पोराच्या डोळ्यांपुढं घडतच नाही. म्हणून जे बाजारात आपोआप शिकायला मिळत होतं ते आता घरी मुद्दाम मांडावं लागतं.

दुकान कसं मांडावं?

खर्च काही नाही. साबणाची, चहाची, बिस्किटांची रिकामी खोकी आणि पुडे, काडेपेट्या, पेन्सिली, घरातले कांदे-बटाटे एवढा माल पुरे. जुन्या दिनदर्शिकेच्या जाड कागदाच्या नोटा कापाव्यात : दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, शंभरच्या. एक रुपया म्हणजे एक चिंचोका. प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी लावावी. एक पोर दुकानदार, एक गिऱ्हाईक, आणि दिवसाआड अदलाबदल. मुलगी नेहमी गिऱ्हाईक आणि मुलगा नेहमी गल्ल्यावर, असं करू नका. गल्ल्यावर बसणाऱ्याला जास्त हिशेब पडतो.

पहिल्या आठवड्यात भाव सोपे ठेवावेत, दोन, पाच आणि दहा. गिऱ्हाइकानं चार पेन्सिली मागितल्या, एक पाच रुपयांना. प्रत्येक पेन्सिलीखाली पाच पाच चिंचोके मांडायला सांगा. मग सगळे एकेक करून मोजू द्या. वीस. दुसऱ्या दिवशी एकेक मोजू नको, पाच, दहा, पंधरा, वीस असं मोज म्हणावं. तिसऱ्या दिवशी पाटीवर लिहावं, ५ + ५ + ५ + ५, आणि त्याखाली ५ × ४. हे एवढं लांब लिहायचा कंटाळा येतो म्हणून माणसानं गुणाकार काढला, हे पोराला इथं आपसूक कळतं. मिळवायचे का गुणायचे, या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. सारख्या भावाच्या सारख्या वस्तू घेतल्या तर गुणायचं. साबण, मीठ आणि काडेपेटी असे वेगवेगळे भाव असले तर मिळवायचं. म्हणून रोज एक सौदा असा ठेवावा की त्यात दोन्ही लागतील. तीन साबण दहा रुपयांचे आणि दोन काडेपेट्या दोन रुपयांच्या. आधी दोनदा गुणायचं, मग एकदा मिळवायचं. तीस आणि चार, चौतीस.

दुसऱ्या आठवड्यात भाव बारा, पंधरा, अठरा असे करावेत. इथं तोड शिकवायची. सात पुडे, एक बारा रुपयांचा. दहाची एक नोट आणि दोन चिंचोके अशा सात जोड्या मांडा. मग नोटा एकीकडं, चिंचोके एकीकडं. सात दाहे सत्तर, सात दुणे चौदा, एकूण चौऱ्याऐंशी. हेच पाटीवर उभं मांडलं म्हणजे हातचा एक कुठून आला ते डोळ्यांना दिसतं. चौदा चिंचोक्यांतले दहा देऊन एक नोट घेतली, तोच हातचा. ज्या पोरानं हातच्याची नोट स्वतःच्या हातानं बदलून घेतली ते पोर ३५ गुणिले ४ चं उत्तर २०० काढणार नाही.

याच आठवड्यात चिंचोके सरीसारखे ओळीत मांडून दाखवावेत. सात ओळी, प्रत्येकीत बारा. मग पोराला उठवून दुसऱ्या बाजूला बसवा. आता त्याला बारा ओळी दिसतील, प्रत्येकीत सात. चिंचोके तेच, चौऱ्याऐंशी. म्हणजे बाराचा पाढा आठवला नाही तर सातचा चालतो. निम्मे पाढे फुकटात पदरात पडतात.

तिसऱ्या आठवड्यात बिल लिहायला लावावं. चार रकाने : वस्तू, नग, दर, रक्कम. तळाला एकूण, दिलेले पैसे आणि परत. हेच रकाने खताच्या पावतीवर असतात. उसाच्या बिलावर नगाच्या जागी टन असतात, एवढाच फरक.

आणि आता सर्वांत महत्त्वाचा डाव. मोठ्या माणसानं दुकानदार व्हावं आणि बिलात मुद्दाम एक चूक करावी. कधी गुणाकारात, कधी बेरजेत, कधी परतीच्या पैशांत. चूक पकडणाऱ्याला गुळाचा खडा. कधी कधी चूक न करताच बिल द्यावं, म्हणजे पोर उगाच चूक शोधत बसत नाही, खरोखर तपासतं. मोठ्या माणसानं लिहिलेलं तपासायचं असतं आणि तपासणं म्हणजे उर्मटपणा नव्हे, ही सवय लहानपणीच लागली पाहिजे. आपल्यातले कितीतरी सभासद बिलाकडं न पाहता सही करतात, कारण ही सवय त्यांना कोणी लावली नाही.

चौथ्या आठवड्यात आजी-आजोबांना बोलवावं. अठ्ठेचाळीस रुपये किलोचा माल, पाव किलो किती, अर्धा किती, दीड किलो किती? बारा, चोवीस आणि बहात्तर. ही जुनी पावकी, निमकी आणि दिडकीच. म्हाताऱ्या माणसांना पोरांपुढं आपली विद्या दाखवायला मिळते, तो आनंद वेगळाच.

काही पथ्यं

पोर चुकलं तर खेकसू नका. कसं काढलंस ते विचारा. सांगता सांगता त्याचं त्यालाच कळतं. वेळ वीस मिनिटांच्या वर नको. भाव एकदम वाढवू नका. जमिनीला वापसा आल्याशिवाय आपण औत घालत नाही, तसंच हे. बोटं मोजली तर मोजू द्या, ती आपोआप सुटतात. पाढे सोडू नका. सकाळी पाढे आणि संध्याकाळी दुकान असं चालू द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांना शिकवलं ते बिया, पानं, खडे अशा आजूबाजूच्या वस्तू हाताशी घेऊनच. तेव्हा चिंचोक्यांची लाज वाटायचं कारण नाही.

दुकानातून शेतात

महिनाभर दुकान चाललं की पोराला शेतात न्यावं. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. तीन फुटी सरी धरली तर एका गुंठ्यात ११ सऱ्या बसतात. एका सरीत दोन डोळ्यांची २३ टिपरी लावली तर ११ × २३ किती? अकरा विसे दोनशे वीस, अकरा त्रिक तेहतीस, एकूण २५३. साधारण अडीचशे धरा. एकराला चाळीस पट, म्हणजे दहा हजार टिपरी. आम्ही दर वर्षी एकरी दहा हजार टिपरी म्हणून सांगतो तो आकडा कुठून येतो, हे चौथीतलं पोर सरीत उभं राहून काढू शकतं.

दुसरं उदाहरण खताचं. युरियाचं पोतं पूर्वी ५० किलोचं होतं, २०१८ पासून ते ४५ किलोचं झालं. पण तोंडात पन्नासच बसलं आहे. आठ पोती आणली की आपण म्हणतो चारशे किलो टाकलं. प्रत्यक्षात आठ गुणिले पंचेचाळीस, तीनशे साठ. चाळीस किलो कमी, म्हणजे जवळजवळ एक पोतं. आमच्या गटातल्या एका जाणत्या सभासदाचा ऊस पिवळा पडला म्हणून आम्ही गेलो, तेव्हा पाणी, निचरा, सगळं पाहिलं आणि शेवटी हाच हिशेब निघाला. तो काढला त्यांच्या सहावीतल्या नातवानं, पोत्यावरचा आकडा वाचून. आजोबा हसले, पण दुसऱ्या दिवशी एक पोतं जास्त आणलं.

शेवटचं

त्या सभासद भगिनींच्या घरी आम्ही हे सगळं सांगून आलो होतो. त्यांनी ओसरीवर दुकान मांडलं. कधी वेळ मिळाला, कधी नाही. गेल्या हंगामात त्यांचा ऊस तुटला आणि बिल घेऊन मायलेकी गट ऑफिसात आल्या. वजन २६ टन, पहिला हप्ता टनाला ३,१०० रुपये. मुलीनं आमच्या टेबलावरचा कागद ओढला. सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर, म्हणजे अठ्ठ्याहत्तर हजार. सव्वीसशे वरचे. ऐंशी हजार सहाशे. मग सोसायटीची कपात वजा केली आणि खालच्या आकड्यावर बोट ठेवलं.

बिल बरोबर होतं. एका रुपयाची चूक नव्हती. पण आई म्हणाली, "आजवर बरोबर असंल म्हणून सही करत हुते. आज बरोबर हाय म्हणून करते."

बंधू-भगिनींनो, कारखाना आपला आहे असं आपण सभेत म्हणतो. ज्याला स्वतःचं बिल तपासता येतं त्याचाच तो खऱ्या अर्थानं असतो. तेव्हा या सुट्टीत एक रिकामं खोकं, मूठभर चिंचोके आणि रोजची वीस मिनिटं काढा. दुकानात काही अडचण आली तर आमच्या गट ऑफिसात या. बेण्याची चौकशी करता तशीच याचीही करा, संकोच नको. आणि पोराला बरोबर आणायला विसरू नका.



— ऊस विकास अधिकारी